बांजाचे रान

काठगोदामला रेल्वे संपते आणि नैनीतालचा घाट सुरू होतो. सुरुवातीला रस्त्याच्या कडेला सालाचे रान असते. थोडे वर गेले की लांब सुयांचा चीड दिसू लागतो. आणखी चढून हवेत गारवा आला की डोंगराच्या सावलीच्या अंगाला एक वेगळेच रान सुरू होते. ते गर्द आणि काळपट हिरवे असते, त्याच्या फांद्यांवर शेवाळ आणि नेचे वाढलेले असतात. वाऱ्याची झुळूक आली की पाने उलटतात आणि क्षणभर सगळा उतार रुपेरी होऊन जातो. हा बांज. महाराष्ट्रातून नैनीताल, कौसानी, मसुरीला जाणारे पर्यटक याच्या सावलीत चहा पितात, फोटो काढतात आणि आठवणीत देवदार घेऊन परत येतात. देवदार देखणा आहे, यात शंका नाही. पण कुमाऊँ-गढवालच्या खेड्यांतले पाणी, गुरांचा हिवाळ्यातला चारा, शेतातले खत, चुलीतले सरपण आणि हातातल्या अवजाराचा दांडा एवढे सगळे पिढ्यान्‌पिढ्या ज्या एका झाडाकडून मिळत आले, ते झाड बांज आहे. त्याला काय लागते आणि तो कशाने मरतो हे समजून घेणे म्हणूनच महत्त्वाचे.

बांज हा ओक. ओक म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना युरोपातला, शरदात पिवळा पडून हिवाळ्यात निष्पर्ण होणारा वृक्ष आठवतो, कारण आपण तो अनुवादित गोष्टींत आणि चित्रपटांत पाहिलेला असतो. प्रत्यक्षात जगभरात ओकच्या साडेचारशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या कितीतरी बारा महिने हिरव्या असतात. भूमध्य समुद्राकाठचा होल्म ओक आणि बाटल्यांची बुचे देणारा कॉर्क ओक सदाहरित आहेत. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचा आडव्या फांद्यांचा लाइव्ह ओकही तसाच. पश्चिम आणि मध्य हिमालयात तर सदाहरित ओकचेच राज्य आहे. सह्याद्रीत मात्र एकही ओक नैसर्गिकरीत्या उगवत नाही. महाबळेश्वरचे पठार १३०० मीटरच्या वर आहे, म्हणजे नुसत्या उंचीचा हिशेब केला तर हिमालयात बांज जिथे दिसू लागतो तेवढे. तरीही ओकचे कुळ दख्खनच्या पठारावर किंवा पश्चिम घाटात आढळत नाही.

उत्तराखंडात ओकच्या पाच जाती डोंगराच्या पायऱ्या वाटून घेऊन राहतात. सर्वांत खाली, ओलसर दऱ्यांत आणि ओढ्यांच्या काठी फल्यांट. त्याच्या वर बांज, साधारण १२०० ते २३०० मीटरांच्या पट्ट्यात. बांजाच्याच शेजारी काही ठिकाणी रियांज. दोन हजार मीटर ओलांडले की तिलोंज, ज्याला गढवालात मोरू म्हणतात. आणि सर्वांत वर, हिमरेषेकडे जाणाऱ्या कुरणांच्या कडेपर्यंत, खर्सू. या पाचांत माणसाचा सर्वांत निकटचा संबंध बांजाशी आला, कारण पहाडातली गावे आणि शेते नेमकी त्याच्या पट्ट्यात किंवा त्याच्या थोडी खाली वसली. निकटच्या संबंधाचे फायदे माणसाला मिळाले. त्याची किंमत बरीचशी झाडाने मोजली.

वनस्पतिशास्त्रात बांजाचे नाव क्वेर्कस ल्यूकोट्रायकोफोरा. जुन्या पुस्तकांत तो क्वेर्कस इंकाना या नावाने सापडतो. त्याची व्याप्ती पाकिस्तानातल्या मरीच्या टेकड्यांपासून हिमाचल, उत्तराखंड आणि पुढे नेपाळपर्यंत आहे. चांगल्या जमिनीत तो वीस-पंचवीस मीटर उंच होतो. मोकळ्यावर वाढला तर बुंधा आखूड राहतो, फांद्या खालपासून पसरतात आणि माथा घुमटाकार होतो. दाट रानात मात्र उजेडाच्या ओढीने तो सरळ वर जातो. साल करड्या-तपकिरी रंगाची आणि भेगाळलेली असते. तिच्या भेगांत दव आणि धुके साचून राहते, म्हणून जुन्या बांजावर शेवाळ, दगडफूल, नेचे आणि ऑर्किड यांची वस्तीच असते. एखाद्या म्हाताऱ्या बांजाखाली थोडा वेळ थांबून वर पाहिले की लक्षात येते, सालीचा मोकळा भाग फार थोडा उरलेला आहे.

त्याचे पान मात्र हातात घेऊनच पाहावे. वरची बाजू गुळगुळीत, चिवट, मळकट हिरवी. कडा करवतीसारख्या दातेरी. आणि खालची बाजू पांढऱ्या-करड्या दाट लवेने झाकलेली. वाऱ्यात रान रुपेरी दिसते ते या लवेमुळे. पानाची श्वासरंध्रे याच खालच्या बाजूला असतात. लवेच्या थरात हवा अडकून राहते आणि कोरड्या वाऱ्यात पानातून उडून जाणारे पाणी कमी होते. ओल्या, धुक्याच्या रानात राहणाऱ्या झाडाला पाणी वाचवण्याची एवढी काळजी का असावी, असा प्रश्न इथे पडायला हवा. त्याचे उत्तर बांजाच्या वेळापत्रकात आहे.

सदाहरित झाडाची पाने गळतच नाहीत असा एक समज असतो. बांजाचे पान साधारण वर्षभर जगते. मार्च ते मे या काळात जुनी पाने झडतात आणि त्याच सुमारास नवी फुटतात, त्यामुळे झाड कधी उघडे पडत नाही. नवी पालवी गुलाबी-जांभळट आणि मऊ असते. एप्रिलमध्ये बांजाचे रान लांबून फुललेले वाटते ते या पालवीमुळे. आता हे महिने कोणते ते पाहा. हिमालयाच्या या भागात पावसाळा जूनच्या उत्तरार्धात लागतो. त्याआधीचे दोन-तीन महिने वर्षातले सर्वांत कोरडे. जमिनीचा वरचा थर सुकलेला, हवा तापलेली, डोंगर धुरकटलेले. नेमक्या याच दिवसांत बांज आपली जवळजवळ सगळी पाने नवी करतो. पहिला पाऊस पडतो तेव्हा त्याची पाने पूर्ण वाढून तयार असतात आणि ऊब व ओल एकत्र असलेल्या पावसाळ्याचा एकही आठवडा वाया जात नाही. हे धोरण उत्तम आहे, पण ते एका अटीवर चालते. मे महिन्यात जमिनीच्या खोल थरात पाणी असले पाहिजे आणि मुळे तिथवर पोचलेली असली पाहिजेत. बांजाच्या बहुतेक गरजांचे मूळ या एका अटीत सापडते.

एप्रिल-मेमध्येच त्याला फुलोरा येतो. नर फुलांचे पिवळसर तुरे फांद्यांवरून लोंबतात आणि परागण वाऱ्यावर होते. फळ मात्र त्या वर्षी तयार होत नाही. ते पहिले वर्ष अगदी लहान राहते, दुसऱ्या वर्षी भरते आणि त्या हिवाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास, पिकून तपकिरी होते. तळाशी खवल्याखवल्यांची छोटी वाटी आणि तिच्यात बसलेले गुळगुळीत कवचाचे फळ ही ओकची जगभरची खूण. सगळी वर्षे सारखी नसतात. एखाद्या वर्षी झाडाखाली फळांचा सडा पडतो आणि पुढची एक-दोन वर्षे जेमतेम मूठभर मिळतात. अस्वल, वानर, माकड, उडत्या खारी, साळिंदर, ‘जे’ नावाचे पक्षी या सगळ्यांना हे फळ आवडते. शिवाय भुंग्यांच्या अळ्या ते आतून पोखरतात. फळ जड असल्याने ते पडते तिथेच राहते किंवा उतारावरून खाली घरंगळते. बांजाला डोंगर चढायचा असेल तर पक्षी आणि खारींनी फळे नेऊन पुरून ठेवली पाहिजेत आणि त्यातली काही विसरली पाहिजेत. चिडाच्या बीला पंख असतात आणि ते वाऱ्याबरोबर कुठेही जाते. या एका फरकाचे परिणाम किती दूरवर जातात ते पुढे येईलच.

बांजाच्या रानात पाऊल टाकले की ते थोडे आत जाते. पायाखाली गेल्या काही वर्षांच्या पानांची गोधडी अंथरलेली असते. वरचे पान अजून ओळखू येते, खालचे निम्मे कुजलेले, त्याच्या खाली काळा, भुसभुशीत, मातीचा वास येणारा थर. पावसाळ्यातला मुसळधार पाऊस आधी पानांवर, मग फांद्यांवरच्या शेवाळावर आणि शेवटी या थरावर पडतो. थेंबाचा मार जमिनीला बसत नाही आणि पाणी उतारावरून पळण्याऐवजी आत मुरते. गांडुळे, किडे आणि कुजलेल्या मुळांनी जमिनीत केलेल्या वाटांनी ते खोल जाते आणि महिन्यांनंतर खालच्या अंगाला झरा होऊन बाहेर येते. पहाडात अशा झऱ्यांवर दगडी पायऱ्यांचे छोटे कुंड बांधतात, त्याला नौला म्हणतात. दगडी मुखातून धार पडत असेल तर तो धारा. चंपावतजवळचा एक हथिया नौला त्याच्या कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहे. पण कोरीव काम नसलेले, गावाच्या डोक्यावर बांजाचे रान आणि खाली नौला असे साधे जोड कुमाऊँत जागोजागी दिसतात.

बांज पाणी निर्माण करतो, असे पहाडात अनेक जण सांगतात. ही श्रद्धा मला मोलाची वाटते, पण शास्त्राच्या बाजूने थोडी दुरुस्ती करायला हवी. कोणतेही झाड पाणी तयार करत नाही. बांज स्वतः भरपूर पाणी पितोही. झरा कुठे फुटणार आणि तो किती टिकणार हे खालच्या खडकाच्या थरांवर, भेगांवर आणि उताराच्या कलावर ठरते. बांजाचे रान करते ते एवढेच की पडलेल्या पावसाला पळू देत नाही, मुरायला वेळ देते आणि उन्हाळ्यात जमिनीवर सावली धरते. एवढेच, पण हे छोटे काम नाही. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात हिमालयातले जवळपास निम्मे झरे आटत चालल्याचे नोंदवले आहे. त्याची कारणे अनेक आहेत. रस्त्यांची खोदाई आहे, बदललेला पाऊस आहे, वाढलेली वस्ती आहे. झऱ्याच्या डोक्यावरचे रान विरळ होणे हेही त्यांत आहेच.

आता बांजाला वाढायला काय लागते ते पाहू. त्याला ओलसर, खोल, सेंद्रिय द्रव्याने भरलेली माती लागते. पाणी साचून राहणारी जागा चालत नाही. थंडी लागते, हिवाळ्यात थोडा बर्फ पडला तरी तो सहन करतो, पण कोवळ्या रोपाला गोठलेले दव जाळू शकते. डोंगराचे उत्तरेकडचे उतार त्याला मानवतात. आपल्या गोलार्धात सूर्य दक्षिणेकडून कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेकडचा उतार दिवसभर भाजतो आणि उत्तरेकडचा सावलीत, थंड व ओला राहतो. एकाच डोंगराच्या दोन अंगांना दोन वेगळी राने, दक्षिणेला चीड आणि उत्तरेला बांज, हे दृश्य कुमाऊँत सतत दिसते. लहानपणी रोपाला उन्हापासून आडोसा हवा. पुढे वाढताना मात्र वरून थोडा उजेडही हवा. अगदी गच्च रानात रोपे वर्षानुवर्षे वीतभर उंचीची होऊन वाट पाहत राहतात, एखादे म्हातारे झाड पडून आकाश दिसले की उंच होऊ लागतात.

आणखी एक गरज डोळ्यांना दिसत नाही. बांजाच्या बारीक मुळांवर बुरशीचे आवरण असते. ही बुरशी मातीत दूरवर तंतू पसरून पाणी आणि फॉस्फरससारखी द्रव्ये आणून देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. जुन्या बांजाच्या रानातल्या मातीत ही बुरशी असतेच. उघड्या माळावर किंवा रस्त्याच्या कापलेल्या दरडीवर ती नसते.

हे सगळे एकत्र मांडले की एक गोष्ट लख्ख दिसते. ओलसर खोल माती, सावली, कुजलेल्या पानांचा थर, मुळांवरची बुरशी, फळे पुरणारे पक्षी, यांतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट बांजाचे रानच पुरवते. बांजाला वाढायला बांजाचेच रान लागते. रान शाबूत आहे तोवर ते स्वतःला टिकवते. पण एकदा एका मर्यादेपलीकडे मोडले की नुसत्या संरक्षणाने परत उभे राहत नाही, कारण परत उभे राहण्यासाठी जे लागते तेच नाहीसे झालेले असते. माझ्या मते बांजाविषयी लक्षात ठेवण्याजोगी सर्वांत महत्त्वाची बाब हीच. सरकारी वृक्षारोपणात तीच सर्वांत जास्त विसरली जाते.

रान मोडते कसे, ते गावाच्या बाजूने पाहिले पाहिजे. पहाडी शेती उतारावरच्या पायऱ्यांच्या शेतांत होते. तिला शेणखत लागते, शेणासाठी गुरे लागतात आणि गुरांना हिवाळ्यात गवत नसते तेव्हा हिरवा चारा लागतो. बारमाही हिरवा बांज तो देतो. गोठ्यात गुरांखाली त्याची सुकी पाने अंथरतात. शेण-मुताबरोबर कुजून त्यांचे खत होते. कोवळ्या पालवीत टॅनिनचे प्रमाण जास्त असते आणि नुसती तीच खाल्ली तर गुरे आजारी पडतात, हे गावातल्या बायकांना ठाऊक असते. म्हणून त्या जून पाने तोडतात. लाकूड जड, कठीण, सुकताना पिळवटणारे आणि फाटणारे. इमारतीला किंवा फर्निचरला फारसे उपयोगी नाही, पण नांगर, कुऱ्हाडी-कुदळीचे दांडे आणि सरपण यांसाठी त्याच्या तोडीचे दुसरे नाही. त्याचा विस्तव बराच वेळ टिकतो आणि कोळसाही उत्तम होतो. ओकच्या पानांवर पोसले जाणारे टसर रेशमाचे किडेही आहेत. कुमाऊँत भीमतालला टसर संशोधनाचे केंद्र आहे.

झाड चढून, कोयत्याने फांद्या छाटून भारा पाठीवर घरी आणण्याचे काम पहाडात मुख्यतः बायका करतात. ते कष्टाचे आणि जिवावरचे काम आहे. एखादे झाड अधूनमधून, शेंडा राखून छाटले तर बांज ते सोसतो. छाटलेल्या जागी नवे धुमारे फोडण्याची त्याची ताकद मोठी आहे. पण तेच झाड दरवर्षी, शेंड्यापर्यंत ओरबाडले गेले की ते नुसता खांब होऊन उभे राहते. त्याला फळ येत नाही. वरची सावली गेल्यामुळे जमिनीवर ऊन पडते, पानांचा थर आधीच गोठ्यासाठी झाडून नेलेला असतो, माती सुकते, घट्ट होते. उगवलेले एखादे रोप बकरी खाते. आणि मग शेजारच्या उतारावरून चिडाचे पंखवाले बी उडत येते.

चीड खलनायक आहे असे मी म्हणणार नाही. तोही हिमालयाचाच मूळ रहिवासी आहे, कोरड्या, उथळ, उन्हाच्या उतारांवर दुसरे झाड उभे राहणार नाही तिथे तो उभा राहतो, त्याच्यापासून लीसा म्हणजे राळ मिळते आणि घरांना लाकूड मिळते. प्रश्न तो आपल्या जागेबाहेर पसरतो तेव्हा येतो. त्याला सावली नको, भरपूर ऊन हवे. त्याच्या सुया, ज्यांना पहाडात पिरूल म्हणतात, उन्हाळ्यात जाड थराने पडतात आणि फार हळू कुजतात. त्यांत नायट्रोजन कमी असतो. त्या कुजवताना सूक्ष्मजीव मातीतला नायट्रोजन स्वतःकडे ओढून घेतात आणि बांजासारख्या, जास्त नायट्रोजन मागणाऱ्या झाडाला तो मिळेनासा होतो. शिवाय पिरूल चटकन पेटते. मोठ्या चिडाची जाड साल आग झेलते. बांजाची रोपे त्या आगीत जळून जातात. मुळाशी जीव उरला तर त्यांना पुन्हा धुमारे फुटतात, पण दर दोन-तीन वर्षांनी आग आली तर किती वेळा फुटणार? २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये नैनीतालच्या भोवतालचे वणवे विझवायला वायुदलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. प्रत्येक वणव्यानंतर चीड आणि बांज यांच्यातली सीमा थोडी वर सरकते.

या सरकण्याला इतिहास आहे. इंग्रजी अमदानीत वनखात्याला रेल्वेचे स्लीपर आणि राळ हवी होती, त्या दृष्टीने चीड मोलाचा होता. बांज व्यापाराच्या कामाचा नव्हता; तो थंड हवेच्या ठिकाणांना आणि छावण्यांना सरपण आणि कोळसा पुरवण्यासाठी तोडला गेला. १९११ ते १९१७ या काळात कुमाऊँतली विस्तीर्ण जंगले राखीव करण्यात आली आणि गावकऱ्यांच्या चराईवर, छाटणीवर, सरपणावर बंधने आली. १९२१ मध्ये लोकांनी उघड बंड केले, राखीव जंगले पेटवली. रामचंद्र गुहा यांनी या संघर्षाचा इतिहास लिहिताना दाखवून दिले आहे की आगी प्रामुख्याने सरकारच्या चिडाच्या जंगलांना लावल्या गेल्या. लोकांच्या उपयोगाची रुंदपानी राने बहुतांशी वाचवली गेली. त्या बंडानंतर चौकशी समिती नेमली गेली आणि १९३१ मध्ये वन पंचायतींचे नियम आले. गावाने आपल्या हद्दीतले रान स्वतः सांभाळायचे, छाटणीसाठी कोणता भाग कधी उघडायचा आणि कधी बंद ठेवायचा हे ठरवायचे, राखणदार नेमायचा, दंड करायचा, अशी ही व्यवस्था. उत्तराखंडात आज दहा हजारांहून अधिक वन पंचायती आहेत. सगळ्या चांगल्या चालतात असे नाही, पण जिथे पंचायत जागी आहे तिथले बांजाचे रान पाहून ते कळते.

१९७४ मध्ये चमोली जिल्ह्यातल्या रैणी गावात गौरादेवी आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांनी ठेकेदाराच्या माणसांना झाडे तोडू दिली नाहीत, ही चिपकोची कथा मराठी वाचकाला माहीत आहे. तिच्यामागोमाग १९८१ मध्ये हजार मीटरच्या वरच्या पहाडातल्या उभ्या झाडांच्या व्यापारी तोडीवर बंदी आली. बांजाचा जवळजवळ सगळा पट्टा तिच्यात येतो. चिपकोनंतरची कामे मात्र आपल्याकडे फारशी पोचली नाहीत. पौडी गढवालमधल्या उफरैंखालचे शिक्षक सच्चिदानंद भारती यांनी १९८० च्या दशकापासून दूधातोलीच्या परिसरातल्या गावांना, विशेषतः तिथल्या महिला मंगल दलांना बरोबर घेऊन जे केले ते मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांनी झाडांच्या आधी पाण्याचा विचार केला. डोंगरउतारावर पावसाचे पाणी थांबवणारे लहान-लहान खड्डे, ज्यांना तिथे चाल आणि खाल म्हणतात, खणले आणि त्यांच्या आसपास बांज, बुरांस, उतीस अशी रुंदपानी झाडे लावली. ओल आधी परत आणली, मग रान परत आले. सूखारौला नावाचा कोरडा ओहोळ त्यातून पुन्हा वाहता झाला आणि गावकऱ्यांनी त्याला गाडगंगा हे नाव दिले.

बांज लावणाऱ्याने हाच क्रम धरावा. फळे डिसेंबर-जानेवारीत, निरोगी आणि छाटणी न झालेल्या झाडाखालून गोळा करावीत. पाण्यात टाकून पाहावे; तरंगणारी बहुधा पोखरलेली किंवा पोकळ असतात, ती बाजूला काढावीत. ओकचे बी सुकले की मरते. गहू-ज्वारीसारखे ते पोत्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवता येत नाही. शक्य तितक्या लवकर पेरावे आणि थांबावेच लागले तर ओलसर वाळूत, थंड जागी ठेवावे. फळ आडवे ठेवून त्याच्या जाडीपेक्षा थोडे खोल पुरावे. आधी टोकाकडून मूळ निघते आणि सरळ खाली जाते, कोंब बऱ्याच दिवसांनी दिसतो. बीची दोन दले जमिनीतच राहतात आणि तिथूनच रोपाला खाऊ घालतात, म्हणून कोंब खुडला गेला तरी काही रोपे पुन्हा फुटतात. या खोल जाणाऱ्या मुळामुळे उथळ पिशवी चालत नाही. पिशवीच्या तळाशी मूळ वेटोळे घालून बसले की असे रोप डोंगरावर लावल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मरते. लांब पिशवी किंवा नळी वापरावी आणि तिच्यातल्या मातीत जुन्या बांजाच्या रानातली मूठभर माती मिसळावी, म्हणजे बुरशी बरोबर येते.

रोपवाटिकेत त्याला दीड-दोन वर्षे सावलीत ठेवतात आणि पावसाळा लागल्यावर बाहेर लावतात. लावण्यासाठी उत्तरेचा उतार निवडावा. जमीन साफसूफ करून लावण्याची खोड मात्र सोडावी. किल्मोडा आणि हिसालू ही पहाडातली काटेरी झुडपे बांजाच्या रोपाची दाई आहेत. त्यांच्या आडोशाला ऊन कमी लागते, ओल टिकते आणि बकरीचे तोंड पोचत नाही. दरड कोसळलेल्या उघड्या जागी थेट बांज लावण्यात अर्थ नाही. तिथे आधी उतीस येऊ द्यावा. तो हवेतला नायट्रोजन मातीत आणतो, भराभर वाढतो आणि सावली धरतो. काही वर्षांनी त्याच्याखाली बांज लावावा. थेट बी टोकायचे असेल तर साळिंदर आणि माकडांपासून वाचवण्यासाठी वर काट्या टाकाव्यात. पहिली काही वर्षे रोप वर फारसे वाढत नाही, ते खाली वाढत असते. वनखात्याच्या तीन किंवा पाच वर्षांच्या योजनेत हे बसत नाही. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला गुडघाभर रोपे दिसतात आणि योजना फसली असा शेरा पडतो. चीड तेवढ्या काळात माणसाच्या वर जातो. लागवडीच्या आकड्यांत चीड वर्षानुवर्षे पुढे राहिला, त्यामागे हेही एक कारण आहे.

राखण हा लागवडीचा सर्वांत मोठा भाग. गुरे बंद, पाने झाडून नेणे बंद आणि उन्हाळ्यात आगीवर लक्ष, एवढे काही वर्षे सांभाळले तर जुन्या खोडांतून धुमारे येतात, पडलेली फळे रुजतात आणि कित्येक ठिकाणी रोपे लावावीच लागत नाहीत. पण गुरे बंद करायची तर गावातल्या बाईने चारा कुठून आणायचा, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. शेताच्या बांधावर गवत आणि चाऱ्याची झाडे लावणे, स्वयंपाकाला गॅस पोचवणे, छाटणीची पाळी ठरवणे ही बांजाच्या लागवडीचीच कामे आहेत असे मी मानतो. बांजाचे रान गावाला बाजूला सारून कुणी वाचवल्याचे उदाहरण मला ठाऊक नाही.

हे वाचून कुणाला नैनीतालहून चार फळे खिशात घालून आणावी आणि पुण्यात किंवा नाशकात लावून पाहावी असा मोह होईल. तसे करू नका. ती कदाचित उगवतीलही, पण आपल्या मैदानी उन्हाळ्यात आणि थंड, ओल्या जमिनीशिवाय ते झाड सुखाने वाढणार नाही. आपल्या डोंगरांवर लावायला अंजनी, जांभूळ, हिरडा आहेत. बांजाची फळे तिथेच राहू द्या. बिनसरच्या किंवा मुक्तेश्वरच्या रानात फिरताना पायवाट सोडू नका, पानांचा थर तुडवू नका, उन्हाळ्यात काडी पेटवू नका आणि पहाडी घरात राहायला उतरलात तर त्या गावाच्या वन पंचायतीचे रान कुठे आहे, ते कोण सांभाळते, एवढे जरूर विचारा.